इथे थांबावे

१

“आणि तू कोण गं एवढी जागी?” ताईने विचारलं.

चादरीची दोन टोकं तिच्या हातात होती, दोन माझ्या. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना भांडायची आम्हां दोघी बहिणींची जुनी सवय. हात गुंतलेले असले की कुणी काही फेकून मारत नाही.

“मी कोण ते सोड. मी या वर्षी गाद्या भरणार नाही. एकही नाही. बसू देत सगळ्यांना फळीवर.”

“म्हाताऱ्यांच्या कमरा मोडतील.”

“मोडू देत. मोडलेली कंबर माणसाला झोपू तरी देत नाही.”

“तुझी जीभ म्हणजे नुसतं दाभण आहे.”

“आहेच. त्याच दाभणावर या घरात दोघींची पोटं भरली.”

ताई हसली. भांडताना हसणाऱ्या माणसाचा मला जन्माचा राग आहे. आम्ही चादर ताणली, झटकली, एकमेकींकडे चालत आलो आणि टोकाला टोक जुळवलं. जवळ आल्यावर मी तिचे डोळे पाहिले. उघडे होते, स्वच्छ होते. पण त्याने माझं समाधान होईना. पंधरा दिवसांपूर्वी घड्याळजी गेला, तोही डोळे उघडे ठेवूनच.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिच्याशिवाय मला कुणी नाही. तिने त्या घड्याळजीसारखं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. गोड बोलूनही सांगता आलं असतं. पण मला कुणी काही शिकवलं नाही; जे आलं ते मी स्वतःचं स्वतः शिकले, आणि गोड बोलणं तेवढं राहून गेलं.

२

आमच्या प्रार्थनाघरात बाकांच्या बारा ओळी आहेत. पूर्वी नुसत्या फळ्या होत्या. दहाव्या मिनिटाला फळी टोचायला लागायची, विसाव्या मिनिटाला माणूस मनापासून देवाचा धावा करायचा. मग नवरा गेल्यावर मी ताईकडे राहायला आले, हातात कापूस भरायची कला घेऊन. पहिली गादी ताईला केली. तिच्या शेजारणीने ती दाबून पाहिली आणि म्हणाली, मलाही हवी. दोन वर्षांत बाराही ओळींना माझ्या गाद्या लागल्या. प्रत्येकाची वेगळी, खोळीच्या कोपऱ्यावर ज्याची त्याची खूण. लोक मला गादीवाली म्हणायला लागले. माझं खरं नाव आता ताईलाही आठवून सांगावं लागेल.

कापूस बसतो. कितीही चांगला आणा, वर्षभर माणसाखाली राहिला की त्याची ढेकळं होतात. म्हणून दरवर्षी थंडीच्या तोंडावर गाद्या काढायच्या, उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा. त्या दिवसांत आमच्या मागच्या खोलीत हवाच पांढरी होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला की त्यात तंतू तरंगत राहतात, वर जातात, खाली येतात, कुठे टेकतच नाहीत. त्या खोलीत बसून काम केलं की दिवस किती गेला ते कळत नाही. सकाळचं जेवण केलं की नाही, तेही कधी कधी.

ताई प्रार्थनाघरातली विचारणारी. वाचून झालं की ती पुढे उभी राहते आणि विचारते, “कोण जागं आहे?”

सगळे म्हणतात, “आम्ही जागे आहोत.”

सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी आले तेव्हापासून हे असंच आहे. म्हणताना छाती कशी भरून येते. आपण त्यातले आहोत, बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्यांतले नाही, असं वाटतं.

घड्याळजी माझ्या पुढच्या ओळीत बसायचा. पुढचा दात पडलेला, त्यामुळे त्याच्या ‘जागे’तून बारीक शीळ निघायची. मागे वळून मला म्हणायचा, “गादीवाल्या बाई, या वर्षी मूठभर कापूस जास्त घाला. देवासमोर हाडं वाजतात माझी.”

“देवाला कळेल तरी आत कुणी आहे म्हणून,” मी म्हणायची.

आणि मूठभर जास्त घालायची. माझ्या गादीचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

३

गेल्या महिन्यात एका सकाळी ताईने विचारलं, “कोण जागं…” आणि तिचं ‘आहे’ तोंडात असतानाच उत्तर आलं.

घाई झाली असेल, मी म्हटलं. पाव मिनिटाचीही गोष्ट नव्हती. म्हातारपणी कान पुढे धावतात, पाय मागे राहतात.

दुसऱ्या दिवशी उत्तर ‘कोण’वरच आलं. तिसऱ्या दिवशी मी आजूबाजूला पाहिलं. शाळेच्या मोठ्या बाई माझ्या डाव्या हाताला बसतात. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न पूर्ण ऐका’ म्हणून दटावत आलेली बाई. त्यांचा चेहरा शांत होता, धुतलेल्या पाटीसारखा. मी बाहेर पडताना त्यांना विचारलं, “बाई, आज सगळे जरा लवकर बोलले का?”

“कुठे लवकर?” त्या म्हणाल्या. “रोजच्याच वेळेला तर बोललो.”

मग एके दुपारी ताईला खोकला आला. ती पुढे उभी राहिली, पुस्तक उघडलं, आणि रुमाल तोंडाला लावून खोकत राहिली. तिने काहीच विचारलं नाही. मी तिच्याकडेच बघत होते, माझी शपथ.

“आम्ही जागे आहोत,” सगळे म्हणाले. गोड, एका सुरात.

ताईने मान डोलावली, पुस्तक मिटलं आणि खाली आली.

घरी मी म्हटलं, “आज तू विचारलंच नाहीस.”

“विचारलं की.”

“खोकत होतीस तू.”

“खोकून झाल्यावर विचारलं,” ताई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. म्हणून मी स्वतःलाच विचारलं, की तुझे कान तपासून घ्यायला हवेत का गं? कान तपासले. डॉक्टरीण म्हणाली, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

४

घड्याळजी गेला तो सकाळच्या प्रार्थनेत. ऊन खिडक्यांतून आडवं येत होतं, गाद्या उबदार झाल्या होत्या. तो माझ्यासमोर ताठ बसला होता, मांडीवर हात ठेवून. वाचन चाललं होतं. मला आठवतं, त्याच्या कॉलरवर कापसाचा एक तंतू होता आणि तो हलत नव्हता. मी त्याच्याकडे बघत बसले. माझ्या श्वासाने तो हलायला हवा होता, त्याच्या श्वासाने तर हवाच होता.

मग उत्तर आलं. प्रश्न आला होता की नाही, त्याकडे माझं लक्ष नव्हतं. “आम्ही जागे आहोत.” त्यात ती शीळ होती. समोरून आली, हातभर अंतरावरून, बारीक आणि स्पष्ट.

सगळे उठले. तो उठला नाही. मी खांद्यावर हात ठेवला, आणि मला सदऱ्याच्या आत गार फळी लागली.

डॉक्टरीण दुसऱ्या ओळीतच होती. तिने डोळे पाहिले, मनगट पाहिलं, बोटं वाकवून पाहिली. “तासाभराच्या वर झालं,” ती म्हणाली. “आल्या आल्याच गेले असतील. किती शांतपणे गेले बघा.”

“आत्ता बोलला तो,” मी म्हटलं.

“कोण?”

“हा. सगळ्यांबरोबर बोलला. मी ऐकलं.”

तिने माझ्या हातावर हात ठेवला, म्हाताऱ्या बायकांच्या हातावर ठेवतात तसा. मागून कुणीतरी म्हणालं, भाग्यवान, प्रार्थनेत गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. भाग्यवान, भाग्यवान. असंच टपालवाल्याच्या वेळीही म्हणाले होते. तो गेल्या वर्षी गेला, असाच, तिसऱ्या ओळीत. तेव्हा मी काय केलं होतं ते आठवायला गेले, पण काही हाती लागलं नाही. गाद्यांचे दिवस होते. हात कामात असले की डोकं कापसात जातं.

माणूस मेला तर मेला. सगळेच मरणार. पण मेल्यावरही ‘जागा आहे’ म्हणून उत्तर देत होता, आणि बाराही ओळींत कुणाला त्यात फरक कळला नाही, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना.

५

पुस्तकाचा पुठ्ठा सुटला होता. ते शिवायला म्हणून ताईने घरी आणून ठेवलं होतं. मी ते उघडलं.

मला शाळेत कुणी घातलं नाही. तिशी उलटल्यावर कापसाच्या पोत्यांवरचे छाप बघून मी अक्षरं जुळवली. अजून बोट ठेवूनच वाचते, एकेक शब्द. शिकलेली माणसं एका नजरेत पान गिळतात, म्हणून त्यांना खडा लागत नाही. माझं बोट सरकत सरकत त्या ओळीवर आलं. ‘कोण जागं आहे?’

खाली उत्तर नव्हतं.

‘आम्ही जागे आहोत’ हे शब्द त्या पुस्तकात नव्हतेच. मी पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. प्रश्नाखाली बोटभर कोरी जागा, आणि त्या जागेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोनच शब्द. ‘इथे थांबावे.’

मी थांबले. मागच्या खोलीत तंतू तरंगत होते. प्रश्न तिथेच उघडा राहिला, दार उघडं राहावं तसा. मी जागी आहे का? सकाळी प्रार्थनेत मी काय ऐकलं? एक शब्द सांग म्हटलं असतं तर सांगता आला असता का? बसले, उठले, घरी आले. माझ्या पोटात खड्डा पडला. ज्याने लिहिलं होतं त्याला हाच खड्डा पाडायचा होता, दिवसातून दोनदा. आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यात कापूस भरला.

त्यात माझाही कापूस होता. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. जागेपणाचं सोंग घेतलेल्याचं काय करायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात मी गाद्या आणायला गेले. भरायच्या की नाही, हे तेव्हा ठरलं नव्हतं. प्रार्थनाघर रिकामं होतं. झाडणाऱ्याने गाद्या काढून भिंतीशी रचून ठेवल्या होत्या, माणसाच्या उंचीच्या वर. उघडी बाकं कातडी सोलल्यासारखी दिसत होती. ऊन होतं, माशी नव्हती. पाऊल टाकलं की आवाज गाद्यांत जाऊन मुरत होता.

कोरी जागा, कोरी वेळ. मला त्या पुस्तकासारखं एकदा विचारून थांबायचं होतं. मी ताईच्या जागी उभी राहिले, घसा साफ केला आणि विचारलं, “कोण जागं आहे?”

आणि थांबले.

“आम्ही जागे आहोत.”

मोठ्याने नाही. पांघरुणाखालून कुणी बोलावं तसं, मऊ, एका सुरात, भिंतीकडून. पहिल्यांदा भीतीच वाटली नाही. ओळखीच्या आवाजांत भीती वाटायला वेळ लागतो. शाळेच्या बाई होत्या. ताई होती. ती बारीक शीळ होती. टपालवाल्याचा खरखरीत ‘आहोत’ होता. मी एकेक ओळखत गेले, पोत्यावरची अक्षरं लावावीत तशी. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी खालच्या थरातून आल्यासारखा, एक ठसकेबाज, चिरका आवाज. तो कुणाचा ते पटकन लक्षात येईना. आपला आवाज आपल्याला सगळ्यांत शेवटी ओळखू येतो.

माझा हात माझ्या तोंडावर होता. ओठ मिटलेले होते. मी बोटांनी चाचपून पाहिले.

प्रतिध्वनी, मी म्हटलं. रिकाम्या खोलीत घुमतं. रोज तेच ऐकून ऐकून भिंतींना पाठ झालं असेल. हे मी तिथेच उभी राहून स्वतःला तीनदा सांगितलं. मग हाताला लागली ती वरची एक गादी उचलली आणि बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर कोपऱ्यावरची खूण पाहिली. ताईची होती.

७

गादी घरी आणली आणि मला कल्पना सुचली. माझ्याकडे लाकडी गुंड्यांचा डबा आहे, जुन्या कोटांच्या, बोराएवढ्या. ताईच्या गादीत कापसाच्या मधोमध सात गुंड्यांची पुरचुंडी घालायची. बसली की टोचेल. टोचली की हलेल. हलली की निदान प्रश्न तरी ऐकेल. स्वतःच्या हुशारीवर मी एकटीच हसले.

डब्यात गुंड्या तळाला गेल्या होत्या. दरवर्षी कमी होतात, कुठे जातात कळत नाही. ताई म्हणते, तूच कुठेतरी ठेवतेस आणि विसरतेस.

सात मोजून चिंधीत बांधल्या आणि मी शिवण उसवली. टाक्यांच्या शेजारी जुनी भोकं होती, एकाच्या बाजूला दुसरं, ओळीने. गादी दरवर्षी उसवतेच, त्यात नवल नाही. पण ही शिवण मी ज्या बाजूने उसवते ती नव्हती. ही आतली, अंगाखालची. हात आत घातला. कापूस कोमट होता. बोटांना काहीतरी कठीण लागलं.

निळ्या चिंधीत बांधलेल्या सात लाकडी गुंड्या.

तिच्या शेजारी तशीच दुसरी पुरचुंडी. मग आणखी एक. चिंध्या जुन्या होत गेलेल्या, शेवटच्या पुरचुंडीची चिंधी हातात विरली. दरवर्षी हा कापूस मीच काढून पिंजते, तरी त्या याआधी पाहिल्याचं मला आठवेना. मी त्या मांडीवर ओळीने ठेवल्या. इतक्या गुंड्यांवर ताई दिवसातून दोनदा बसत होती आणि कधी कूस बदलली नव्हती. मला आधी त्याचंच भय वाटलं.

मग मी गाठी पाहिल्या. मी डावखुरी आहे. माझी गाठ उलटी पडते, लहानपणी त्यावरून मार खाल्लाय. त्या सगळ्या गाठी उलट्या होत्या.

ताईने शिकून घेतली असेल, मी म्हटलं. माझ्याबरोबर राहून शिकली असेल. पण माझी गाठ शिकून, माझ्या गुंड्या घेऊन ताई स्वतःच्याच गादीत का घालेल, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. खोलीत ऊन होतं, कापूस तरंगत होता. मांडीवरच्या पुरचुंड्या मी पुन्हा आत ठेवल्या, माझी नवीही त्यांच्या शेजारी ठेवली, कापूस लोटला आणि शिवण घालून टाकली. घालून झाल्यावर लक्षात आलं की मी विचार न करता घातली.

८

तर ही चादर.

आता ती चार पदरी झाली होती. ताई तिच्या टोकाला, मी माझ्या. दोरीवरच्या बाकीच्या कपड्यांमधून सकाळ आत येत होती.

“तुला टोचत नाही?” मी विचारलं.

“काय?”

“काही नाही. ताई, ऐक. आपण उत्तर देतो म्हणून प्रश्न मरतो. घड्याळजी मेला होता तरी म्हणत होता. तू खोकत होतीस तरी लोक म्हणत होते. आपल्याला वाटतं आपण आत आलो म्हणजे झालं, आता बाहेरचे काय ते झोपलेत. आपल्याइतकं गाढ कुणी झोपत नाही. आपल्याला तर झोपेची गादी घरपोच मिळते.”

“तुझ्याकडून,” ताई म्हणाली.

“माझ्याकडून. म्हणूनच बंद करणार.”

आम्ही चादर ताणली. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. आजारी मुलाला औषध पाजताना आई बघते, तशी. तिचे ओठ किंचित हलत होते. जप करत असेल, मला वाटलं. मी आवाज चढवला.

“मी तुला अशी जाऊ देणार नाही. हाताला धरून हलवीन, फळीवर बसवीन, टोचत राहीन.”

‘टोचत राहीन’ मी म्हणायच्या आधी तिच्या ओठांनी ते म्हणून झालं होतं.

मी पाहिलं. आणि तरी मला थांबता येईना. शब्द आपोआप येत होते, एकामागून एक, ओळीत, आणि प्रत्येक शब्द आधी तिच्या ओठांवर उमटत होता, मग माझ्या तोंडून निघत होता. बिनआवाजाचा, अगदी थोडासा पुढे.

“पुस्तकात उत्तरच नाही, ताई. तिथे लिहिलंय…”

तिचे ओठ ‘थांबावे’वर मिटले. मी अजून ‘इथे’वर होते.

मी थांबले. चादर आमच्या मध्ये लोंबत राहिली. ताई चालत माझ्यापाशी आली, टोकाला टोक जुळवलं, माझ्या बोटांतून माझी टोकं हलकेच सोडवून घेतली आणि घडी छातीशी धरून म्हणाली, “गेल्या वर्षी टपालवाला गेला तेव्हाही तू हेच बोलली होतीस, याच चादरीची टोकं धरून, शब्दाला शब्द, आणि तेव्हाही तुला असंच वाटलं होतं की तू आत्ताच जागी झालीस.”